धाकटीला सांगितलंस ते

आई, तुझी धाकटी हल्ली तिकीट लावून तुझ्याबद्दल बोलते आणि लोक हसतात. हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि असली कामं आपल्या घरात नेहमी माझ्याच वाट्याला येतात, म्हणून मी सांगते आहे. तू गेलीस तेव्हा ती बेळगावला कॉलेजात होती आणि मी रामनगरला सासरी, कडेवर मूल घेऊन. ते मूल आता हुबळीला नोकरी करतं. माझे गुडघे दुखतात, केस तुझ्यासारखेच पुढून पांढरे होत गेले. धाकटी पुण्यात असते. तिचं काम काय ते तुला कसं सांगू? एक मोकळं स्टेज असतं, मध्ये माईक, आणि ती एकटी उभी राहून तासभर बोलते. गाणं नाही, सोंग नाही, पेटी-तबला नाही. त्याला स्टँड-अप म्हणतात. बोलते कशावर, तर आपण दार लावूनसुद्धा जे बोललो नाही त्याच्यावर. पाळीवर बोलते, नवराबायकोच्या अंथरुणावर बोलते, नवरा मेलेल्या बाईला रात्री काय वाटतं त्यावर बोलते. आणि तुझ्या छातीवर बोलते.

मला हे कळलं शेजारच्या वैनींमुळे. तू त्यांना बघितलेलं नाहीस. खानापूरकडच्या आहेत, आमच्या घराला लागून त्यांचं किराणा दुकान आहे. एका दुपारी मी जेवणाची भांडी विसळत होते, तर त्या मागच्या दारानं आल्या, फोन पुढे धरून. "बघ गे, तुझी तंगी काय बोलायलीय," म्हणाल्या. धाकट्या बहिणीला त्या कानडीतलं तंगीच म्हणतात. फोनवर धाकटी. काळी पँट, पांढरा शर्ट, केस मानेवर कापलेले. पण तोंडातून आवाज निघाला तो तुझा. तुझा म्हणजे हुबेहूब तुझा, वाक्याच्या शेवटी जरा ओढून धरलेला. "सगळ्या बायका देवाला नारळ देत्यात. माझ्याकडनं देवानं सोताच मागून घेतला. दोन व्हते, त्यातला एकच न्हेला. तुझ्या बापाचा इचार केला म्हण की देवानं." समोरची माणसं अशी हसली की फोनचा आवाज फाटला. वैनींनी लोक हसायच्या आधीच तोंडावर हात ठेवला होता. "अशी कशी गे बोलती? मेलेल्या माणसाची तरी लाज ठेवावी." मी हात पुसले आणि म्हटलं, बंद करा ते. मला राग आलाय असं त्यांना वाटलं, आणि आला होताच. पण पहिली गोष्ट जी मनात आली ती लाज नव्हती. माझ्या मनात आलं, हे तू कधी म्हणालीस? मी तर तिथंच होते.

मी तिथंच होते, आई. सकाळची पहिली बस धरून मी बेळगावच्या दवाखान्यात यायची. पोराला सासूकडे टाकून यायची आणि त्याबद्दल सासूचं बोलणंही ऐकायची. छातीच्या ऑपरेशननंतर तुझ्या कुशीतून एक नळी बाहेर आली होती आणि तिला बाटली लावलेली होती. त्यात लालसर पाणी जमायचं. ते मोजून नर्सला सांगायचं आणि ओतून टाकायचं, हे माझं काम. तुझी वेणी घालायची, कारण तुझा उजवा हात वर जात नव्हता. भांडं द्यायचं, घ्यायचं. बाबा बाहेर बाकावर बसून असायचे, टोपी गुडघ्यावर ठेवून. त्यांना आत या म्हटलं तर म्हणायचे, "बायकांचं हाय ते, तुमीच बघा." संध्याकाळी कॉलेज सुटलं की धाकटी यायची, आणि मी शेवटची बस गाठायला निघायची. दारात आमची गाठ पडायची. मी पिशवी तिच्या हातात द्यायची, औषधं समजावायची. जिन्यावरून उतरताना मागे एकदा दोनदा मला तुझं हसणं ऐकू आलं होतं. मला वाटलं होतं दुसऱ्या खाटेवरची कुणीतरी बाई असेल. दिवसभर माझ्यासमोर तू जी असायचीस, ती बाई हसण्यातली नव्हती. "पाणी दे." "पदर ओढ." "पोरगं जेवलं असंल काय?" एवढंच आपलं बोलणं. मी समजायचे, दुखतंय तिला.

आता आठवायला बसलं की आणखी मागचं वर येतं. बाजारकुणंगच्या वाटेवरचं आपलं खालचं शेत. रोप लावायला बायका जमल्यात, तू मध्ये. मी शाळेतून येऊन डोक्यावर पेजेचं भांडं घेऊन बांधावरून चाललेय. लांबूनच दिसतं की तू काहीतरी सांगते आहेस. वाकलेल्या वाकलेल्याच सगळ्या हलताहेत, एक जण तर हसता हसता चिखलातच बसली. मी जवळ पोचते आणि तू गप्प होतेस. सगळ्याच गप्प होतात. मी विचारते, काय झालं गे? तू म्हणतेस, "काय न्हाई. ठेव थितं आणि घराकडं जा, म्हशीला पाणी दाखीव." मी भांडं ठेवते. आणि धाकटी तिथंच असते, बांधावर, चड्डीत, चिखलानं बरबटलेली. तिला कुणी जा म्हणत नाही. मी वळणावर पोचते तोवर मागे परत हसणं सुरू झालेलं असतं. मी म्हशीला पाणी दाखवलं, चूल पेटवली, भात घातला. संध्याकाळी तू आलीस तेव्हा मी परत विचारलं, बायका कशाला हसत होत्या. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "थोरलीनं असलं इचारू नये." मी तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची असेन. मला ते शाबासकीसारखं वाटलं. थोरली म्हणजे वेगळी, वरची, घर जिच्यावर सोडून जाता येतं अशी. त्यात आपल्याला काही मिळायचं राहून गेलं हे कळायला मला माझी पन्नाशी आली.

तर त्या व्हिडिओनंतर मी धाकटीशी बोलणं टाकलं. तिचा फोन आला की घ्यायची नाही. मग तिनंच निरोप पाठवला, बेळगावला कार्यक्रम आहे, आक्का, येशील काय? मी गेले. भांडायला गेले, असं मी ह्यांना सांगून निघाले. हॉल लहानसा होता, खुर्च्या दाटीनं मांडलेल्या, सगळी तरणी पोरंपोरी. मी मागच्या ओळीत नऊवारी नाही पण घरातलीच सुती साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसले. बाजूच्या मुलीनं फार प्रेमानं विचारलं, "काकू, तुम्ही चुकून आलात का?" मी म्हटलं, नाही, बहीण आहे माझी. ती मुलगी माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच स्टेजवर जाणार आहे. मला ते आवडलं, हे कबूल करते.

धाकटी आली. तिनं सुरुवातच आपल्या बोलण्यावरून केली. "आमच्याकडं बायका 'मी आले' म्हणत न्हाईत. 'मी आलो, मी जेवलो, मी न्हाणीत गेलो.' पुण्यात मला सगळे हसत्यात. मी म्हणतो, हसू नका. आमच्याकडच्या बाईला फक्त बोलतानाच पुरुष व्हायला मिळतं." लोक हसले. मीही हसले असते, पण मी शाळेत बाईंच्या छडीनं 'मी आले' शिकलेली. मग ती म्हणाली, "माझ्या आईचा एक स्तन कापला," आणि थांबली. हॉलमध्ये कुणाची खुर्ची करकरली तेवढंच. "बघा, कसे गप्प बसलात. हा शब्दच असा हाय, ऐकला की माणूस शाळेत बसल्यासारखा बसतो. आमच्या गावात हा शब्दच न्हाई. दुसरा हाय, पण तो शिवी देतानाच वापरत्यात. डॉक्टर इचारतो, कुठं दुखतंय? आई म्हणती, इथं. इथं म्हणजे कुठं? पदराखाली. शेवटी म्हणाली, छातीत. तर त्यानं हृदयाच्या गोळ्या दिल्या. वर्षभर खाल्ल्या. वर्षभरात आईचं हृदय असं ठणठणीत झालं म्हणून सांगू." लोक हसले आणि हसता हसता अर्ध्यावर थांबले, कारण त्यांना कळलं आपण कशाला हसतोय. धाकटी त्यांच्याकडे बघत उभी होती. तिला ते थांबणंच हवं होतं. त्या गोळ्या मी तुला रोज सकाळी हातात देत होते, आई, माहेरी यायची तेव्हा. विसरलीस तर तुझ्यावर ओरडत होते.

मग तिनं उशीची गोष्ट काढली. ती उशी मी केली होती. टाके सुकल्यावर तुला ब्लाउज घालवेना, एका बाजूला सगळं सपाट. तू घराबाहेर पडेनास. मी जुन्या मऊ लुगड्याचा कपडा घेऊन, त्यात सावरीचा कापूस भरून छोटी गोल उशी शिवली. कापूस हलका, ती वर सरकायची, म्हणून खालच्या बाजूला मूठभर भाताचे दाणे आत शिवले. तुझ्या हातात दिली. तू पाठमोरी होऊन घातलीस, आरशात बघितलंस आणि म्हणालीस, "बरी बसली." त्या 'बरी बसली'वर मी इतकी वर्षं काढली आहेत. आणि आता धाकटी शंभरभर अनोळखी पोरांना सांगत होती, "आईनं त्या उशीला नाव ठेवलं व्हतं. आक्का. सकाळी म्हणायची, आक्का कुठं गेली बघ गे, बाहेर जायचंय. मी इचारलं, आक्का का? तर म्हणती, दिवसभर छातीला धरून असती आणि एकदा पण हसत न्हाई."

सगळा हॉल हसला. बाजूची मुलगी हसली आणि मग माझ्याकडे बघून एकदम थांबली. आई, तो विनोद चांगला आहे. मी अनेक दिवस तो मनात फिरवून बघितला आहे आणि त्यात कुठेही खोट सापडत नाही. पण मला त्या वेळी असं झालं की कुणीतरी माझ्या घरात माझ्या माघारी जेवणं घातली, आणि आता गावभर सांगताहेत की जेवण काय झालं होतं.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही बसस्टँडजवळच्या हॉटेलात बसलो. तिनं चहा मागवला, मी घेतला नाही. "आईनं तसं म्हटलं व्हतं?" मी विचारलं. ती म्हणाली, "म्हटलं व्हतं." "खोटं बोलायलीस." "आक्का, बाकी सगळं मी रचतो. आईचं रचत न्हाई. रचायची गरजच लागत न्हाई." मी म्हटलं, मग माझ्यापुढं एकदा तरी का नाही? माझ्यापुढं तिचं तोंड का शिवलेलं असायचं? धाकटीनं बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायली नाही. म्हणाली, "मी इचारलं व्हतं तिला. म्हटलं, हे आक्काला पण सांग की. तर म्हणाली, थोरलीपुढं हसलो तर ती रडंल. आणि ती रडत बसली तर मला न्हाऊ कोण घालील? तू घालशील?" "मग?" "मग काय. मी गप्प बसलो. मला त्या जखमेकडं बघायचं पण धाडस नव्हतं, आक्का. मी उशाकडंच बसायचो सगळा वेळ."

हे ऐकून मला बरं वाटेल असं धाकटीला वाटलं होतं. तिचे डोळे तसे माझ्याकडे लागले होते. मला बरं वाटलं नाही. म्हणजे तू ठरवून वाटणी केलीस. न्हाऊ घालायला एक आणि हसायला एक. रडले असते तर रडले असते, आई. कधीतरी माझे हात थांबू द्यायचे होतेस. घाण पाणी ओतायला नर्सही होती तिथं. मी उठले, बस आहे म्हटलं. धाकटीनं विचारलं, "ती गोष्ट काढून टाकू काय कार्यक्रमातनं?" मी म्हटलं, "तुझी आई, तू बघ." हे किती वाईट बोलले ते बसमध्ये बसल्यावर कळलं, पण फोन करून मागे घेतलं नाही.

पुढचं सगळं वैनींनी घडवलं. त्या रामनगरच्या आमच्या बायकांच्या संघाच्या अध्यक्ष. मार्चमध्ये बायकांचा कार्यक्रम असतो, दरवर्षी कुणीतरी साहेबीणबाई येऊन भाषण करते आणि आम्ही चहा-उप्पीट खाऊन घरी जातो. वैनी म्हणाल्या, ह्या वर्षी तुझ्या तंगीलाच बोलवू. मी म्हटलं, तुम्हीच म्हणाला होता ना लाज काढली म्हणून? "म्हटलं व्हतं," वैनी म्हणाल्या, आणि डाळीच्या पोत्यावरचं पाखडलेलं झटकत बसल्या. धाकटी आली. समुदाय भवनाचं दार आतून लावून घेतलं, ध्वनिक्षेपक लावणाऱ्या माणसालासुद्धा बाहेर काढलं. सतरंजीवर बसलेल्या बायका, भात लावणाऱ्या, दुकानं सांभाळणाऱ्या, जंगलात लाकूडफाट्याला जाणाऱ्या, आणि समोर धाकटी खुर्चीवर पाय वर घेऊन. स्टेजवर गेलीच नाही. नारळाची गोष्ट सांगितली. गोळ्यांची सांगितली. पहिल्यांदा सगळ्यांनी पदर तोंडात कोंबले, मग एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "माझं बी तसंच सांगत्यात गे, इथं, इथं," आणि मग काही विचारू नकोस. कानडीत हसल्या, मराठीत हसल्या. उशीची गोष्ट तिनं गाळली. मला भिंतीशी उभी बघून गाळली. ते मला अजून लागलं. त्या बायकांपुढं तरी माझा उल्लेख झाला असता.

कार्यक्रम संपला, बायका पांगल्या. मी पेले गोळा करत होते. मागच्या खोलीत धाकटी पिशवी भरत होती आणि तिच्यासमोर वैनी. वैनींनी तिचा हात धरून स्वतःच्या काखेजवळ ठेवला होता. मी दारातच थांबले. वैनी म्हणत होत्या, "दिवाळीपासनं लागायलाय हाताला. दुखत न्हाई. कुणाला बोललो न्हाई." धाकटीनं हात तसाच ठेवला होता. ती म्हणाली, "आक्काला सांगू या, वैनी. ती आशाचं काम करती, तिला सगळं ठावं हाय." आणि वैनी म्हणाल्या, "आक्काला नको गे. ती लगेच तक्ता काढंल."

तक्ता म्हणजे माझा तक्ता, आई. चित्रांचा, उलटत जायचा. तू गेल्यावर मी आशा कार्यकर्ती झाले ती तुझ्याचसाठी. घरोघर फिरते. गाठ कशी बघायची, कुणाला दाखवायची, लाजू नका. ह्या वैनींच्या ओट्यावर मी तो किती वेळा उलटला आहे. त्या म्हणायच्या, व्हय व्हय, चहा घे. त्यांना गाठ लागली तेव्हा आमच्यामध्ये एक भिंत होती आणि त्या महिनोन्महिने माझ्याशी भाजीपाल्याचं बोलल्या. आणि धाकटी एक संध्याकाळ आली, पाय वर घेऊन बसली, चार वंगाळ गोष्टी सांगितल्या, तर वैनींनी तिचा हात धरून आपल्या काखेत ठेवला. आता कळलं, त्या दुपारी फोन घेऊन त्या का आल्या होत्या, आणि कुठं हसायचं ते त्यांना आधीच कसं माहीत होतं. मला त्यांची काळजी वाटायला हवी होती. ती वाटली, पण दुसऱ्या नंबरानं वाटली.

मी आत गेले. म्हटलं, "तक्ता घरी हाय, वैनी. उद्या सकाळच्या बसनं बेळगावला जाऊ या." धाकटीला पुण्याला पुढचा कार्यक्रम होता, ती थांबते म्हणाली, मी म्हटलं जा तू. खरं सांगायचं तर मला ती नको होती तिथं. वैनींनी घरी सांगितलं, दुकानाचा माल बघायला जातो. बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या, हातात रुमालाची गुंडाळी. खानापूर मागं गेलं. मी माझं नेहमीचं सांगायला लागले, लवकर कळलं तर बरं होतं, आता औषधं चांगली आहेत. त्या ऐकत होत्या, जशा ओट्यावर ऐकायच्या तशाच.

दवाखान्यात नाव लावलं. बाहेर बाकावर बसलो. आतून कोवळा, मिशीही नीट न फुटलेला डॉक्टर बाहेर डोकावून गेला, आणि वैनी उठून उभ्या राहिल्या. "मी जातो परत," म्हणाल्या. "त्या पोरापुढं पदर सोडू व्हय? माझ्या भावाच्या लेकाएवढा हाय." मी म्हटलं बसा. त्या बसेनात. पिशवी उचललीच त्यांनी. समजावणीचं सगळं बसमध्येच संपलं होतं. आणि मी म्हणाले, "आमच्या आईला पण असाच एक पोरगा डॉक्टर व्हता, वैनी. त्यो तिच्यापेक्षा जास्त लाजायलाय, मान वरच करंना. तर आई त्याला म्हणती, लाजू नको रे लेकरा. दूध माझ्या दोघी पोरींनी कवाच पिऊन संपीवलंय. आता नुसतं भांडं तपासायचं हाय."

वैनींनी पिशवी परत खाली ठेवली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. बाकावरच्या दुसऱ्या बाईनंही ऐकलं होतं, तीही हसायला लागली. "तुझी आई म्हणजे," वैनी म्हणाल्या, डोळे पुसले, "तुझी आई म्हणजे काय बाई व्हती गे," आणि नाव पुकारल्यावर आत गेल्या. मी बाहेर त्यांची पिशवी धरून बसले.

गाठ वाईट निघाली, पण बारीक होती आणि पसरलेली नव्हती. तेवढीच काढली, बाकी सगळं राहिलं. मीच नेलं, मीच आणलं, पट्टीही मीच बदलली. वैनी आता परत गल्ल्यावर बसतात आणि उधारी मागताना त्यांचा आवाज पहिल्यासारखाच रस्त्यापर्यंत येतो. भांड्याची गोष्ट त्यांनी संघातल्या सगळ्यांना सांगितली, तुझ्या नावावर. त्यानंतर दोघी जणी माझ्या ओट्यावर आल्या, आपणहून. मी तक्ता आत ठेवला होता.

परवा धाकटीचा फोन आला. वैनींनी तिलाही सांगितलं होतं. तिनं इकडचं तिकडचं विचारलं, गुडघे कसे, पाणी येतं काय, आणि मग म्हणाली, "आक्का, ते भांड्याचं आईनं खरंच म्हटलं व्हतं?"

"व्हय."

"कधी?"

"दवाखान्यात. सकाळी. तू कॉलेजात असायचीस."

तिनं बहुतेक आठवून बघितलं. मग म्हणाली, "मला कधी सांगितलं न्हाई ते तिनं."

"तुला सगळंच सांगायची व्हय ती?" मी म्हणाले.

फोनवर ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. तिच्या घराबाहेरून गाड्यांचा आवाज येत होता. तो गप्पपणा मी पुरता ओळखला, आई, कारण त्यात माझी अख्खी उमर गेली आहे. मग ती हळूच म्हणाली, मी हे कार्यक्रमात घेऊ काय, तुझी हरकत नसंल तर. मी म्हटलं, घे की. आता ती पुण्यात ते तुझ्या आवाजात सांगते आणि लोक तिथं सगळ्यात जास्त हसतात म्हणे.

तू ते म्हणाली नव्हतीस. तुझा डॉक्टर म्हातारा होता, तू त्याच्यासमोर भिंतीकडे तोंड करून बसली होतीस आणि पदर मी सोडला होता. ते मी त्या बाकावर बसून रचलं. धाकटीला मी हे सांगितलेलं नाही, आणि सांगेन असं वाटत नाही.